खलनायकाला क्षमा कोणी करायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाने माझ्या टेबलावर पाच जाड वह्या आणून ठेवल्या. ‘‘फादर, वाचून सांगा, शेवट कसा करू,’’ एवढेच तो बोलला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. वह्यांत एक अद्भुतकथा होती. एक नव्हे, एकात एक गुंफलेल्या पाच कथांची मालिकाच. वैनगंगेसारख्या एका नदीकाठचे राज्य, तीन पिढ्यांचे वैर, पाण्याखाली वसलेले नगर, आणि या सर्वांच्या मुळाशी एक सेनापती. सत्तेच्या लोभाने त्याने एका रात्रीत बांध फोडला आणि बारा गावे बुडवली. पाचव्या वहीच्या अखेरीस लेखकाने दोन शेवट लिहून ठेवले होते. पहिल्यात नायक सेनापतीचा शिरच्छेद करतो. दुसऱ्यात सेनापती नायकावर सुटलेला बाण स्वतःच्या छातीवर झेलतो, नायकाच्या मांडीवर प्राण सोडतो आणि जमलेले लोक त्याचा जयजयकार करतात. दुसऱ्या शेवटाखाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘फादरांना हा आवडेल.’

हे वाक्य वाचून मी जरा अस्वस्थ झालो. धर्मगुरू म्हटला की त्याला दुष्टाचा उद्धारच आवडणार, असा त्या मुलाचा हिशेब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. सेमिनरीत असताना मीही अशा शेवटांवर डोळे पुसले आहेत. परंतु दुसरा शेवट तीनदा वाचूनही माझे मन तेथे ठरेना, आणि का ठरत नाही हे त्याला सांगण्याइतके स्पष्ट माझे मलाच नव्हते. तेव्हा वह्या बाजूला ठेवल्या आणि इतरांनी आपापल्या कथा कशा संपवल्या आहेत ते पुन्हा वाचायला घेतले. हा लेख त्या वाचनाचा आहे.

‘खलनायक उद्धाराला पात्र असतो का?’ हा प्रश्न आपल्याकडे चर्चेत असाच मांडला जातो. श्रद्धावंताच्या दृष्टीने त्याचे उत्तर एका वाक्यात संपते. पात्र कोणीच नसतो. पात्रता असती तर तिला कृपा म्हटले नसते. पण हे उत्तर धर्मशास्त्राचे झाले. समीक्षकाचा प्रश्न वेगळा आहे. कथेत ती क्षमा कोणाच्या तोंडून येते? ज्याचे घर जळाले त्याच्या, की ज्याचे काहीच गेले नाही त्याच्या? मला वाटते, अद्भुतकथांचे बहुसंख्य शेवट येथे फसतात. खलनायकाला लेखक क्षमा करतो, नायक करतो, वाचकही करतो. ज्यांचे नुकसान झाले ती माणसे मात्र शेवटच्या प्रकरणात हजरच नसतात.

आमच्या भागात दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात आणि गावोगाव रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. या रंगभूमीला आता देशभर मान आहे. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा इकडे सर्वांनाच आनंद झाला. मीही शाल पांघरून पहाटेपर्यंत बसणाऱ्यांपैकी आहे. मी पाहिलेल्या कित्येक नाटकांत तीन अंक छळ करणारा सावकार वा पाटील शेवटच्या दहा मिनिटांत आईच्या पायांवर कोसळतो, पेटीवाला करुण सूर धरतो आणि पडदा पडतो. पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, थंडीने हात गारठलेले असतात, आणि तरीही टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत खोटे काही नसते. वाईट माणूस बदलावा ही लोकांची इच्छा खरी असते. पण दुसऱ्या अंकात ज्या विधवेची शेती त्याने लुबाडली ती पुन्हा रंगमंचावर येत नाही. बहुधा तोवर त्या नटीला दुसऱ्या भूमिकेचे लुगडे नेसायचे असते. नाटकमंडळीची ही अडचण मी समजू शकतो. कादंबरीकाराला मात्र अशी अडचण नसते.

जगभर खपलेल्या आणि मराठीतही आलेल्या हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांचा शेवट (२००७) घ्या. स्नेप हा अध्यापक सहा पुस्तके आपल्याला दुष्ट वाटतो. सातव्यात कळते की, एकेकाळी आपल्या चहाडीमुळे झालेल्या हत्येची भरपाई तो आयुष्यभर, कोणालाही न सांगता करीत होता. ही कल्पना मोलाची आहे; शब्दांनी नव्हे तर आयुष्य वेचून केलेले हे प्रायश्चित्त आहे. पुढे हॅरी आपल्या मुलाला त्याचे नाव देतो. हॅरीला तो अधिकार आहे, कारण आईवडील त्याचे गेले. पण नेव्हिल नावाचा एक भित्रा मुलगा आहे. त्याच्या मनातील सर्वांत मोठी भीती म्हणजे हाच शिक्षक. उपसंहारात नेव्हिल स्वतः अध्यापक झाल्याचे कळते, पण स्नेपविषयी त्याला काय वाटते हे कोणी विचारीत नाही. शिक्षकाने वर्गात केलेला अपमान लेखिकेला किरकोळ वाटला असेल. शाळांशी माझा बराच संबंध आला आहे, म्हणून मला तो तसा वाटत नाही.

चित्रपटांचे तर बोलायलाच नको. ‘स्टार वॉर्स’च्या १९८३च्या भागात काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर अखेरच्या क्षणी मुलाला वाचवतो आणि लगेच साधुपुरुषांच्या पंक्तीत तेजोमय होऊन उभा राहतो. एक संपूर्ण ग्रह भस्मसात होताना हाच गृहस्थ तेथे उभा होता. त्या ग्रहावरची राजकन्या त्याचीच मुलगी निघते. तिच्या मनात काय चालले असेल, याला पटकथेत जागा नाही.

मराठी कादंबरीने गेल्या साठ वर्षांत एक वेगळी वाट धरली. तिने खलपक्षाला उद्धाराऐवजी वकील दिला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) यांनी कर्णाला घराघरांत पोहोचवले. ‘मृत्युंजय’ मी सेमिनरीच्या ग्रंथालयातून आणून दिव्याखाली वाचली आहे. तिचे ऋण मी नाकारणार नाही. परंतु तिची रचना पाहा. कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी श्रीकृष्णही बोलतो. सहा जणांच्या साक्षी होतात. द्रौपदीची साक्ष नाही. भरसभेत जिला ओढून आणले आणि जिच्याविषयी कर्णाने नको ते शब्द उच्चारले, तिला या न्यायालयात बोलावणेच गेले नाही. मग निकाल काय लागणार हे ठरलेलेच होते. त्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी कर्णाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून कित्येक वाचक त्यांच्यावर रुसले. सोसलेल्या अन्यायामुळे माणूस समजतो, हे खरे. पण समजणे म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे, आणि निर्दोष ठरवलेल्याला तर क्षमेची गरजच उरत नाही. कर्णाला आपण क्षमा केली नाही. आपण त्याची केसच काढून टाकली.

मूळ महाभारतातला कर्ण आपल्या वकिलांपेक्षा प्रामाणिक आहे. उद्योगपर्वात तो श्रीकृष्णाजवळ कबूल करतो की, दुर्योधनाला खूष करण्यासाठी आपण पांडवांना कटू शब्द बोललो आणि त्याचा आज आपल्याला ताप होतो. हा खरा पश्चात्ताप आहे. पण तो श्रीकृष्णापाशी व्यक्त होतो आणि पांडवांविषयी असतो. द्रौपदीपर्यंत पोहोचण्याचे धैर्य त्यालाही झाले नाही.

आता मला महाभारताच्या शेवटाविषयीच थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण लांबलचक कथा कशी संपवावी याचा इतका खोल विचार दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. सौप्तिकपर्वातल्या रात्रीच्या संहाराबरोबर युद्ध संपते. ते दहावे पर्व. त्यानंतर आणखी आठ पर्वे आहेत! आजचा प्रकाशक म्हणाला असता, ‘‘महाराज, विजय झाला, आता आटोपा.’’ व्यासांनी मात्र विजयानंतर लगेच स्त्रीपर्व ठेवले. रणभूमीवर बायका आपापल्या माणसांची प्रेते शोधत हिंडतात. दोन्ही पक्षांच्या बायका. गांधारी एकेक देह ओळखते आणि शेवटी प्रत्यक्ष श्रीकृष्णाला शाप देते. ज्यांनी सोसले त्यांचे बोलणे आधी पूर्ण होते, राज्याभिषेक त्यानंतर.

पुढे स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोहोचतो, तर समोर दुर्योधन तेजस्वी आसनावर बसलेला! नारद समजावतो की येथे वैराला जागा नाही, क्षत्रियधर्माप्रमाणे देह ठेवून त्याने हे स्थान मिळवले आहे. आपल्यापैकी कित्येकांना हा प्रसंग उदात्त वाटतो. शत्रूही स्वर्गात, किती विशाल दृष्टी! युधिष्ठिराला तो असह्य होतो. पांचालीला सभेत ओढणाऱ्याच्या शेजारी मला बसायचे नाही, माझी माणसे जेथे असतील तेथे मला न्या, असे तो म्हणतो आणि नरकाच्या दुर्गंधीत जाऊन उभा राहतो. तेथून परत फिरायलाही तो तयार होत नाही. पूर्वी प्रवचनांत मी या प्रसंगी युधिष्ठिराला मनाचा कोता म्हणत असे. आता म्हणत नाही. ज्यांचे अपराध झाले त्यांना अंधारात ठेवून अपराध्याला उजेडात बसवलेला स्वर्ग त्याने नाकारला, आणि महाकाव्य त्या नकाराच्या बाजूने आहे. ती नरकाची माया विरते ती त्याने आपल्या माणसांची सोबत सोडायचे नाकारल्यानंतर.

पण याहून मोठा प्रसंग त्याआधी आश्रमवासिकपर्वात येऊन गेलेला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. युद्धानंतर बरीच वर्षे लोटली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात आहेत. दुःख कोणाचेच सरलेले नाही. तेव्हा व्यास गंगेत उतरतात आणि युद्धात मेलेल्यांना हाक मारतात. पाणी ढवळू लागते आणि त्यातून भीष्म, द्रोण, दुर्योधन आणि त्याचे भाऊ, कर्ण, अभिमन्यू, द्रौपदीचे पाचही मुलगे वर येतात. मारणारे आणि मारले गेलेले एकाच पाण्यातून. त्या एका रात्रीसाठी कोणाच्याही मनात वैर नसते. आया मुलांना भेटतात, बायका नवऱ्यांना, भाऊ भावाला. पहाटे ते सारे पुन्हा पाण्यात जातात. येथे लेखकाने खलनायकाला एकट्याने तेजोमय केलेले नाही. द्रौपदीची मुले वर आली, तेव्हाच दुर्योधनही वर आला. पावसाळ्यात वैनगंगेचे गढूळ, भरलेले पात्र पाहताना हा प्रसंग मला हटकून आठवतो.

अश्वत्थाम्याची गोष्ट तर आपल्या आजीबाईंनी सांगितलेली. झोपलेल्या मुलांना त्याने मारले, म्हणून कपाळावरची जखम घेऊन तो अजून तेल मागत फिरतो. महाभारतात त्याला क्षमा नाही. भागवतात मात्र एक विलक्षण वळण आहे. अर्जुन त्याला दोरीने बांधून द्रौपदीपुढे उभा करतो. पाचही मुलांच्या प्रेतांपासून आलेली ती आई म्हणते की याला सोडा; मी रडते आहे तशी याची आई रडू नये. केस कापून, मस्तकावरचा मणी काढून घेऊन त्याला हाकलून देतात. क्षमा झाली, शिक्षाही झाली, आणि तोंड उघडले ते जिची मुले गेली तिने. आमच्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात, अस्तंबा नावाच्या शिखरावर धनत्रयोदशीपासून आदिवासी बांधवांची यात्रा भरते. तो डोंगर अश्वत्थाम्याचा मानतात. ज्याला ग्रंथाने हाकलले त्याच्याकडे लोक रात्रभर चढून जातात. लोकमानसाचा निवाडा नेहमी ग्रंथासारखाच असतो असे नाही.

आता परदेशी महाकथेकडे येतो. टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. लेखक आपल्याच श्रद्धेचा. १९०४ साली आई वारल्यावर त्याचा आणि त्याच्या भावाचा सांभाळ एका कॅथलिक धर्मगुरूने केला. आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, कथेतली दुष्ट मुद्रिका ज्या दिवशी नष्ट होते तो दिवस आहे २५ मार्च, देवदूताने मरियेला संदेश दिला त्या सणाचा. लेखक याचा डांगोरा पिटत नाही.

या कथेत गोलम नावाचा हीन-दीन जीव आहे. मुद्रिकेच्या लोभाने त्याने आपल्या सख्यासोबत्याचा, देअगोलचा, गळा दाबला होता. त्याला मारण्याची संधी बिल्बोला मिळते, फ्रोडोला मिळते, सॅमला मिळते आणि तिघेही हात आवरतात. एकदा तो बदलण्याच्या अगदी उंबरठ्यावर येतो. झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला तो हळूच, जवळजवळ मायेने स्पर्श करतो. तेवढ्यात सॅमला जाग येते, तो चोर समजून खेकसतो आणि तो क्षण निघून जातो. टोल्किनने आपल्या पत्रव्यवहारात हा प्रसंग सर्व कथेतला सर्वांत शोकात्म क्षण मानला आहे. सॅम हा कथेतला सर्वांत भला माणूस, आणि दार लोटले गेले ते त्याच्या हातून! चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याची पारख करणाऱ्या आपणा सर्वांनी हे पान दोनदा वाचावे.

शेवटी अग्निपर्वताच्या काठावर नायक फ्रोडोच मोहाला बळी पडतो आणि मुद्रिका टाकायला नकार देतो. गोलम त्याचे बोट दातांनी तोडून मुद्रिका हिसकावतो आणि तोल जाऊन तिच्यासह आगीत पडतो. गोलमचा उद्धार झाला का? लेखक सांगत नाही. पण तुटलेल्या बोटाचा हात धरून बसलेला फ्रोडो सॅमला म्हणतो की त्याला आपण क्षमा करू या. हा शेवट मला खरा वाटतो, आणि त्याचे कारण ते बोट आहे. क्षमा करणाऱ्याचे काहीतरी गेलेले आहे. शिवाय घटकाभरापूर्वी तो स्वतःच घसरलेला आहे, त्यामुळे त्याच्या क्षमेत वरून खाली पाहणे नाही. तो फक्त स्वतःच्या बोटापुरती क्षमा करतो. देअगोलच्या वतीने नव्हे. आणि खरे सांगायचे तर देअगोलला टोल्किनही विसरला. गळा दाबून पुरलेल्या त्या बिचाऱ्याला एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटी एक वाक्यही मिळालेले नाही. थोरांच्या लिखाणातही अशी राहून गेलेली माणसे असतात.

विजयानंतर फ्रोडो गावी परततो, तर गाव उद्ध्वस्त. झाडे तोडलेली, घरे पाडलेली, आणि हे करणारा सारुमान, पूर्वीचा ज्ञानी, आता भिकाऱ्यासारखा, समोर उभा. गावकरी म्हणतात, मारा. फ्रोडो म्हणतो, जाऊ द्या. सारुमान त्याच्यावर सुरा चालवतो, तरीही फ्रोडो म्हणतो, जाऊ द्या. सारुमानला ही दया शिक्षेपेक्षा जास्त झोंबते. तो ती थुंकून टाकतो, आणि थोड्याच वेळात त्याचाच गांजलेला सेवक त्याचा गळा चिरतो. दार उघडे होते, तो आत आला नाही. ‘शेवटी सगळेच सुधारतात’ असे मानणाऱ्या भाबडेपणाला टोल्किनने येथे जागा दिली नाही; ‘दुष्ट तो दुष्टच’ म्हणणाऱ्यांनाही नाही. २००३च्या चित्रपटात हे प्रकरण गाळले आहे. मला ते फार मोठे नुकसान वाटते. लढाई दूरदेशी जिंकणे एक, आणि स्वतःच्या गावच्या पाडलेल्या घरांपुढे उभे राहून सूड नाकारणे दुसरे.

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती पापनिवेदनातली नाही, नाहीतर लिहिलीच नसती. फार वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, नात्यातल्याच एका माणसाने एका विधवेला फसवून तिच्या मुलांच्या शिक्षणाचे पैसे बुडवले होते. साऱ्या गावाला ते ठाऊक होते. तो परागंदा झाला, काही वर्षांनी खंगून परतला, आणि एका रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर येऊन बसला. मी भारावून गेलो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर प्रवचन केले आणि मिस्सेनंतर सर्वांसमोर त्याला मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई टाळ्या न वाजवता निघून गेली. दुसऱ्या दिवशी येऊन शांतपणे म्हणाली, ‘‘फादर, तुम्ही त्याला माफ केलं, बरं केलं. पण माझ्या वतीनं करायला तुम्हाला कोणी सांगितलं? मला कोणी विचारलं?’’

मी काही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. देवाची क्षमा आणि माणसाचे देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सेमिनरीत मला शिकवले होते. परीक्षेत मी ते चांगले लिहिलेही होते. शुभवर्तमानातला जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी जेवायला जातो, तेव्हा तो जकातदार नुसता रडत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत, असा हिशेबच तो मांडतो. त्याच्या तारणाच्या दिवशी त्याने लुबाडलेली माणसे त्या घरात, निदान त्या हिशेबात, हजर आहेत. क्रूसावरचा भला चोर काहीच परत करू शकत नाही, पण आपली शिक्षा न्याय्य आहे हे तो आधी मान्य करतो, आणि त्याला क्षमा करणाऱ्याच्या हातांतही खिळे आहेत. यहूदाची कथा मला सर्वांत जड जाते. तीस नाणी परत घेऊन तो मंदिरात जातो आणि निष्पाप रक्ताचा आपण घात केला अशी कबुली देतो. ऐकणारे याजक म्हणतात की त्याचे आम्हाला काय! ज्यांनी ऐकून घ्यायचे त्यांनीच पाठ फिरवली. दान्तेने त्याला नरकाच्या तळाशी सैतानाच्या जबड्यात घातले. ख्रिस्तसभेने मात्र संत पुष्कळ जाहीर केले, अमका नरकात आहे असे कोणाविषयी, यहूदाविषयीसुद्धा, कधी जाहीर केले नाही. फ्रान्समधील वेझले येथील जुन्या चर्चच्या एका खांबावर एका बाजूला फास घेतलेला यहूदा कोरला आहे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा देह खांद्यावर घेऊन निघालेला एक पुरुष. दिवंगत पोप फ्रान्सिस यांना त्या पुरुषात उत्तम मेंढपाळ दिसत असे आणि ते त्या शिल्पाविषयी पुन्हा पुन्हा बोलत. मूर्तिकाराने कथा बदलली नाही. शेवटच्या पानामागे आणखी एक पान असू शकते, एवढेच सुचवले.

कादंबरीत असे घडते, प्रत्यक्षात नाही, असे म्हणणाऱ्यांना मी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे बोट दाखवतो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांची समंदर सिंग नावाच्या तरुणाने चालत्या बसच्या प्रवासात भोसकून हत्या केली. पुढे त्यांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईवडिलांच्या घरी गेला. २०१७ साली इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित जाहीर करण्यात आले. येथे क्षमा कोणा लेखकाने लिहिली नाही, बिशपांनी फर्मावली नाही. बहिणीने केली, आणि त्याआधी सात-आठ वर्षांचा काळ गेला होता. या वर्षांना कथेत जागा लागते. बाण छातीवर झेलणारा सेनापती मात्र एका परिच्छेदात मोकळा होतो. मृत्यूने त्याला आपण बुडवलेल्या गावांपुढे उभे राहण्यापासून सोडवले आहे.

आमच्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि मोठा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्या बाजूला फिरायला गेलो की मला अंगुलिमालाची कथा आठवते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर बुद्धाच्या भेटीने भिक्षू होतो. आपल्याला शाळेत एवढेच सांगितले होते. पाली ग्रंथात ती कथा पुढे जाते. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेसाठी श्रावस्तीत जातो तेव्हा त्याच्यावर दगड, काठ्या, ढेकळे येऊन पडतात. डोके फुटलेले, भिक्षापात्र मोडलेले, चीवर फाटलेले, अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्याला सांगतात की सहन कर. तुझ्या कर्माचे फळ तू येथेच भोगतो आहेस. तो मुक्त होतो, आणि दगडही खरे असतात. ज्यांनी ते मारले त्यांची कोणी निंदा करीत नाही. त्यांची माणसे गेलेली होती.

वह्या परत देताना मी त्या तरुणाला हे सगळे सांगितले नाही. एवढे व्याख्यान ऐकून तो लिहायचाच बंद झाला असता. फक्त विचारले, की बारा गावे बुडाली त्यांतल्या एकाचे तरी नाव काय? तो गप्प झाला. पाच वह्यांत गावांना नावे नव्हती. मग म्हणाला, ‘‘ती कल्पना आजीवरून सुचली, फादर.’’ त्याच्या आजीचे माहेर १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. आता ती पुनर्वसनातल्या घरात राहते आणि अजूनही जुन्या गावाच्या विहिरी, आंब्याची झाडे आणि पारावरची माणसे नावानिशी मोजते. मी म्हणालो, ‘‘मग सेनापतीला एकदा आजीसमोर उभा कर, आणि ती काय म्हणते ते लिही. माफ करील, नाही करील, ते तिला ठरवू दे.’’

नाताळच्या आधी तो सहावी वही घेऊन आला. सेनापती त्यात जिवंत आहे. पाणी ओसरलेल्या एका गावच्या पारावर तो बसला आहे आणि एक म्हातारी त्याला एकेका घराचे नाव सांगते आहे. सत्तावीस पाने झाली आहेत, आणि ती अजून सहाव्याच गावापर्यंत आली आहे.